तिसऱ्या भागातली पोरगी

काकूंकडे राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दहापैकी चार गुण दिले. चपला दारात आडव्या काढल्या म्हणून दोन कापले, पाणी पिताना घशाचा आवाज केला म्हणून एक. बाकीचे तीन कशाचे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ते राखून ठेवले. समोर लागतीन."

अमरावतीला बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगाला एक खोली. मी हिवरखेडची. बी. फार्मला नंबर लागला, होस्टेल मिळालं नाही, म्हणून बाबांनी ही खोली शोधून काढली. मास्तरीणबाई आहेत, विधवा आहेत, एकट्या आहेत, कडक आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चारही गोष्टी खऱ्या निघाल्या.

नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत काकूंनी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या घरातलं वेळापत्रक निवृत्त झालं नव्हतं. पूजेला त्या परिपाठ म्हणत. जेवण मोठ्या सुट्टीत. दुपारी तिसरा तास वाचनाचा, त्यात दार वाजवलेलं चालत नसे. एकदा सिलिंडरवाला तिसऱ्या तासाला आला. खिडकीतून त्यांनी त्याला हातानंच थांबवलं आणि तो बिचारा पंचवीस मिनिटं सिलिंडरवर बसून राहिला. तास संपल्यावर त्याला चहा दिला, आणि सात गुणही दिले. "बसला चुपचाप. आजकालचे पोट्टे बसत नाहीत," म्हणाल्या.

बोलणं मात्र सगळं वऱ्हाडी. मी घरी आईशी बोलायचे तसं. पण शाळेतल्या बाईंच्या तोंडी ते ऐकायची मला सवय नव्हती, म्हणून एकदा विचारलंच. "तीस वर्सं 'असे करू नका, तसे करू नका' बोलून माहा जबडा दुखला," त्या म्हणाल्या. "आता पेन्शनीत तरी आपलं बोलू दे."

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. मी तोवर नागपुरात नोकरीला लागले होते. शेजारच्यांचा फोन आला तेव्हा हातात तपासणीच्या बाटल्या होत्या, त्या मी नीट क्रमानं लावून ठेवल्या आणि मग बाहेर जाऊन उभी राहिले. त्यांच्याविषयी कुणाला सांगावं असं खूपदा मनात येतं. पण सांगायचं तर सुरुवात एका जपानी चित्रपुस्तकापासून करावी लागते, आणि ती करताना मी अजून अडखळते.

मी 'बॉईज लव्ह' वाचायचे. दोन मुलांच्या एकमेकांवरच्या प्रेमाच्या जपानी चित्रकथा, इंग्रजीत आलेल्या. आमच्या वर्गातल्या तिघीचौघी वाचत, कबूल एकही करत नसे. मोबाईलवर वाचून समाधान होईना तेव्हा मी एका मालिकेचे पाचही भाग छापील मागवले. एका बंदराच्या गावातले दोन मुलगे. एक होडी बांधणाऱ्यांच्या घरातला, दुसरा बाहेरगावाहून त्या शाळेत आलेला. ते बोलत कमी, बघत जास्त. पहिल्या भागात तर नुसते एका धक्क्यावर शेजारी बसून असतात. मी ते पान दहा वेळा पाहिलं असेल.

मला ह्या गोष्टी का आवडायच्या, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्या वर्षी घरी मला दाखवायला सुरुवात झाली होती. महिन्यातून एकदा गावी जायचं, साडी नेसायची, ट्रे घेऊन बाहेर यायचं. प्रत्येक सिनेमात, प्रत्येक गोष्टीत मुलगी असली की तिचं पुढं काय होणार हे मला आधीच दिसायचं आणि छातीत दडपण यायचं. ह्या गोष्टींत मुलगीच नाही. कुणाला ट्रे घेऊन बाहेर यावं लागत नाही. तिथं शिरलं की मला मोकळं वाटे.

पार्सल आलं तेव्हा मी कॉलेजात होते. ते काकूंनी फोडलं. माझ्या घरात आलेलं पार्सल मी फोडणार, आत बॉम्ब असला तर, असा त्यांचा नियम होता. संध्याकाळी मी आले तर त्या ओट्यावर चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर पहिला भाग, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश. आता बाबांना फोन जाणार, खोली जाणार, सगळं जाणार.

"हे कोनं लिवलं वं?" त्यांनी विचारलं. "याच्यात आधी गोड होते, मंग भांडन होते, मंग त्यायची ओळख होते. संसार असाच असते म्हना, पन पुस्तक असं नसते."

त्या डावीकडून वाचत होत्या. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं हे मी त्यांना कसंबसं सांगितलं.

"उर्दूसारखं," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक उलटं करून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसल्या. फोन गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिला भाग परत केला. समासात लाल पेनानं शेरे मारलेले. मी माझ्या पुस्तकांना कव्हर घालणारी, माझा जीव चरकला. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'भरतीची वेळ चुकली.' दुसऱ्या ठिकाणी, धक्क्यावरच्या त्या पानाखाली, 'बरोबर.'

"काकू, तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"काय?"

"दोघं मुलगे आहेत ते."

"मले दिसते ना. चष्मा हाय माह्या डोळ्याले." मग म्हणाल्या, "समोरचा भाग दे."

दुसरा भाग त्यांनी तीन तिसऱ्या तासांत संपवला. कधीकधी मला ओट्यावरून ओरडून विचारायच्या. "हे बह्याड पोट्टं बोलत काहून नाही वं? तोंडात काय दात दुखून राहिले याचे?" मला हसू यायचं. घरात माझ्या त्या चोरट्या आवडीविषयी मोठ्यानं बोलणारं कुणीतरी आहे, ह्याचं मला इतकं अप्रूप वाटायचं की त्या काळात मी कॉलेजातून धावत घरी यायचे. येताना चौकातून गिला वडा आणायचा, तो दोघींनी खायचा आणि बंदरावरच्या त्या दोन मुलांची काळजी करायची. आई आजारी पडली तेव्हासुद्धा मी कुणाशी इतकं बोलले नव्हते.

मग तिसऱ्या भागाची पाळी आली.

तिसऱ्या भागात होडीवाल्या घरचा मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून लग्नाला हो म्हणतो. मुलगी बघायला जातो. ती चार चौकटींत आहे. चौथ्या भागात तो साखरपुडा मोडून स्टेशनवर पळत जातो, मित्राची गाडी सुटायच्या आत. ते पळणं सोळा पानं आहे. ते वाचताना मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

काकूंनी तिसरा भाग वाचला आणि चौथा मागितला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. आठवड्यानं पुस्तक माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेलं दिसलं. मी उघडून पाहिलं. एकही शेरा नव्हता. फक्त त्या चार चौकटींत, त्या मुलीच्या कोऱ्या चेहऱ्यात, लाल पेनानं डोळे काढले होते.

मला राग आला. त्या वेळी खरंच आला. मी पुस्तक घेऊन ओट्यावर गेले. "काकू, हे काय केलं?"

"तिले डोळे नव्हते."

"अशा कथांमध्ये बाजूच्या माणसांना नाही काढत डोळे. ती महत्त्वाची नाही गोष्टीत. आणि मला तर हेच आवडतं की ह्या गोष्टींत मुलगी नसते."

"हाय ना त्याच्यात पोरगी," काकू म्हणाल्या. "तू पाह्यली नाही."

मी ते पान पुन्हा उघडलं.

"तिचं समोर काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"हिचंच. चौथ्या भागात हाय का ही?"

नव्हती. पाचव्यातही नव्हती. मी पाचही भाग दोनदा वाचले होते आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"माह्या गोष्टीत तो पळाला नाही," काकू म्हणाल्या. "लगन केलं त्यानं. माह्यासंग."

त्यांनी ते सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. पुढचे चारपाच दिवस, भाजी निवडताना, कूलरमध्ये पाणी भरताना, तुकड्या-तुकड्यांनी सांगत राहिल्या. मी इथं सलग लिहिते.

काका तहसील कचेरीत होते. भला माणूस. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, काकूंची नोकरी सुटू दिली नाही. मूल झालं नाही त्याचा दोषही कधी दिला नाही. त्यांचा एक मित्र होता अकोल्याला, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. लग्न न केलेला. काकू त्यांना भाऊजी म्हणत. दर दुसऱ्या शनिवारी भाऊजी अमरावतीला येत, नाहीतर काका अकोल्याला जात. लग्नाच्या चौथ्या वर्षी भाऊजींचा हात मोडला, प्लास्टर होतं, आणि ते ह्यांच्याकडे राहायला आले होते. एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तर काका त्यांच्या शर्टाची बटनं लावून देत होते.

"बस, इतकंच," काकू म्हणाल्या. "बटनंच लावत होते. पन जसं पाहून राहिले होते त्याच्याकडं, तसं माह्याकडं चार वर्सांत एकदाही पाह्यलं नव्हतं. चहा ठेवला अन् वापस आली मी. त्याच्यानंतर काही पाह्यलं नाही. पाह्याची गरज नव्हती."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्याले शब्दच नव्हता तवा आमच्याकडं. जे होतं ते शिवी होतं. नवऱ्याले शिवी कशी देऊ?"

पुढची सगळी वर्षं असंच चाललं. दर दुसऱ्या शनिवारी घरात हसणं ऐकू येई, ते त्या स्वयंपाकघरातून ऐकत. भाऊजींना भरीत आवडायचं म्हणून त्या दिवशी भरीत होई. आणि ते काकूच करत.

मग काका आजारी पडले. हृदयाचं दुखणं. नऊ दिवस दवाखान्यात, आत एकालाच सोडत. काकांचा मोबाईल काकूंच्या पर्समध्ये. भाऊजींचा रोज फोन येई. त्यांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, प्रवास मना होता. तरी ते म्हणत, काही असेल तर मी तसाच निघतो. आणि काकू रोज म्हणत, काही नाही, साधं दुखणं आहे, झोपले आहेत, दोन दिवसांत घरी सोडतात. इकडे काका विचारत, त्याला कळवलं का. काकू म्हणत, कळवलं, येतो म्हणाले.

नवव्या दिवशी काका गेले. भाऊजी आले ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी, काळा चष्मा लावून, भाच्याचा हात धरून. राख सावडून झाली होती. त्यांनी एकच विचारलं, "माह्यासाठी काही म्हनला का तो?"

"तुमचं तं नावच नाही काढलं," असं काकूंनी त्यांना सांगितलं.

हे सांगून झालं तेव्हा काकू गवारीच्या शिरा काढत होत्या. हात थांबला नव्हता.

मी एकवीस वर्षांची होते. त्या सोळा पानांच्या पळण्यावर टाळ्या वाजवणारी. मी म्हणाले, "असं कसं केलं तुम्ही, काकू? ह्या गोष्टीतल्या व्हिलन तुम्हीच आहात मग."

"हो," त्या म्हणाल्या. "पन माह्या घरात जे एक मानूस होतं, त्याच्या मरनाचे नऊ दिवस तरी माहे असावे, असं वाटलं मले. सगळे शनिवार दिले होते मी."

मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. गिला वडा आणला नाही. त्यांनी तक्रार केली नाही.

त्याच महिन्यात गावी मला बघायला एक मुलगा आला. मोकळं बोला म्हणून आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मी त्याला विचारलं, "तुमचं कुणावर मन आहे का? कुणावरही?" आधीच्या दोघांना विचारलं असतं तर ते हसले असते. हा हसला नाही. खाली फरशीकडे बघत राहिला. त्याचं काय होतं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. बाहेर येऊन मी घरी सांगितलं की मला हा नको. आई चिडली, बाबा दोन दिवस बोलले नाहीत. अमरावतीला परत आल्यावर मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गुण काही दिले नाहीत.

"अकोल्याले जाचं हाय मले," त्या म्हणाल्या. "येशीन का संग? एकटीनं माहे पाय नाही उचलत."

माझी गावची गाडी अकोल्यावरूनच होती. शनिवारी आम्ही निघालो. पाच भागांची पिशवी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, कशाला ते सांगितलं नाही. सगळा वेळ खिडकीतून मला जमिनी दाखवत होत्या. "इथून खारपानपट्टा सुरू होते. वरतून पाह्यलं तं पीक चांगलं. खाली पानी खारं." मूर्तिजापूर मागे पडलं तशा गप्प झाल्या.

भाऊजी जठारपेठेत भाच्याकडे राहत. भाचा आणि त्याची बायको चांगली माणसं. भाऊजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. काचबिंदूनं त्यांची नजर पुरती गेली होती. काकूंचा आवाज ऐकून ते उभे राहिले, नमस्कार केला, प्रकृती विचारली. सगळं रीतसर, कोरडं. मला वाटलं आता काकू बोलतील. त्यांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

"पुस्तक आनलं," त्या एकदम म्हणाल्या. "चित्राचं हाय. तुमाले दिसत नाही तं मी सांगीन."

"कशाचं पुस्तक?"

"दोन पोट्ट्यांचं. बंदरावरच्या."

भाऊजींनी मान किंचित वळवली. मग म्हणाले, "सांगा."

आणि काकूंनी सांगायला सुरुवात केली. वर्गात नकाशा समजावून द्यावा तशी, चौकट-चौकट. "उजवीकडं वरतून पहिलं चित्र. समुद्र हाय. आभाळ अर्ध्याच्या वर. खाली दोघं बसले, पाठमोरे. मधात एक वीत जागा."

"रेघ कशी हाय?" भाऊजींनी विचारलं. जन्मभर नकाशे काढलेला माणूस.

"बारीक. पन समुद्र आला का जाड होते."

"अन् एक वीत जागा, ते तशीच राह्यते?"

"ह्या भागात राह्यते."

तीन शनिवार आम्ही गेलो. दर खेपेला एक भाग. भाचेसून चहा ठेवून आत जाई, मी बाजूच्या पलंगावर बसे. दुसऱ्या शनिवारी काकूंच्या पावलांच्या आवाजानंच भाऊजी खुर्चीत सरसावून बसले. त्या दिवशी ते एकदा हसलेसुद्धा, त्या न बोलणाऱ्या मुलावर. "हा आमच्यासारखा हाय," म्हणाले. आमच्यासारखा म्हणजे कुणासारखा, ते कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी तिसरा भाग. काकूंनी निम्मा नीट सांगितला. मग त्या चार चौकटी आल्या.

"इथं एक पोरगी हाय. त्याच्यासंग लगन ठरलं तिचं. छत्री घेऊन उभी हाय. हिले डोळे काढले नाही चित्रवाल्यानं."

"काहून?"

"कामाची नाही म्हनून."

काकूंनी पुस्तक मिटलं. मला दिसलं, भाऊजींना नाही. आणि पुस्तकात नव्हतं ते त्या सांगू लागल्या. "ह्या पोरीचं लगन झालं त्याच्यासंग. तीस वर्सं संसार केला तिनं. तिले सगळं माईत होतं. मंग तो बिमार पडला. नऊ दिवस दवाखान्यात होता. तो रोज दोस्ताचं इचारे. अन् तिनं दोस्ताले येऊ नाही देल्लं. काही नाही झालं म्हने फोनवर. अन् तो गेल्यावर दोस्ताले सांगितलं का त्यानं तुमचं नाव नाही काढलं."

भाऊजींचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, ते हलले नाहीत.

"रोज इचारे?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"काय म्हने?"

"निघाला का तो, असं म्हने."

भाचेसून चहा घेऊन आली. "वहिनीले दे," भाऊजी म्हणाले. "मले नको." ती आत गेल्यावर ते हळू आवाजात, आदरानं म्हणाले, "वहिनी, समोरचा भाग आता नका आनू."

मी त्या दिवशी हिवरखेडला गेलेच नाही, काकूंबरोबर उलट फिरले. बसमध्ये त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "खरं बोललं का हलकं वाटते म्हनतात," त्या म्हणाल्या. "मले तं जड वाटून राहिलं."

पुढचे दोन महिने त्या घरात वेळापत्रक राहिलं नाही. परिपाठ कधी दुपारी व्हायचा, कधी होतच नसे. मोठ्या सुट्टीत ताट वाढून घेत आणि तसंच झाकून ठेवत. तिसऱ्या तासाला मी मुद्दाम दार वाजवून पाहिलं. "ये," म्हणाल्या. मला ते ऐकून रडू आलं. मी चौथा भाग वाचून दाखवते म्हटलं तर मान हलवली. "त्यायले नाही कळलं समोर काय झालं," म्हणाल्या, "तं मी कशी पाहू?"

मग एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे. मी ओट्यावर नोट्स काढत बसले होते.

"वहिनी," भाऊजींचा आवाज आला. "पहिल्या दिवसापासून सांगा."

"कशाच्या?"

"दवाखान्याच्या. मी नव्हतो ना तिथं."

काकूंनी फोन खाली ठेवला नाही. उठून कपाटातून दवाखान्याची फाईल काढली, चष्मा लावला, आणि पहिला दिवस सांगितला. रिक्षातून कसं नेलं. काकांनी चप्पल कोणती घातली होती. डॉक्टरांनी काय विचारलं, त्यावर काका काय म्हणाले. संध्याकाळी दूध किती प्यायले. सांगून झाल्यावर भाऊजी म्हणाले, "उद्या दुसरा."

असे आठ दिवस फोन आले. काकू एखाद्या पेपरच्या तयारीसारख्या दिवसभर आठवत बसत. मला मधेच विचारत, "मंगळवारी पेज देल्ली होती का खिचडी वं?" जशी मी तिथं होते. त्यांनी काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. चौथ्या दिवशी काका हसले होते, ते सांगितलं. सहाव्या दिवशी त्यांनी नर्सला भाऊजींच्या अक्षराचं कौतुक सांगितलं होतं, तेही सांगितलं. ते सांगण्याआधी काकूंनी फाईल मिटली. "आज ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सांगा," भाऊजी म्हणाले. त्यांनी सांगितलं.

नवव्या दिवशी फोन पाचच्या आधीच आला.

"त्या दिवशी सकाळीच इचारलं," काकू म्हणाल्या. "निघाला का तो, म्हने. रोज मी म्हनो, येतो म्हनाले. त्या दिवशी मले त्यायच्या तोंडाकडं पाह्यवलं नाही. मी म्हनलं, मूर्तिजापूर सोडलं भाऊजीनं. आत्ताच फोन आल्ता."

काकूंनी फाईलचं शेवटचं पान उलटलं.

"तं म्हने, मंग आलाच. असं म्हनून डोळे मिटले. मले वाटलं झोपले. अर्ध्या तासानं सिस्टर आली."

मी वही मिटून बसले होते. गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. फोन कापला गेला की काय म्हणून काकूंनी पुढे वाकून पाहिलं. नव्हता. नंबर दिसत होता, सेकंद पुढं सरकत होते. मला वाटलं, आता ते शिवी देतील. काकूंनाही तेच वाटत असावं. त्या पाठ ताठ करून बसल्या.

"वहिनी," भाऊजींचा आवाज आला. "त्या नऊ दिवसांत तुमाले डबा कोन आनत होतं?"

काकूंना प्रश्न कळलाच नाही. "आँ?"

"जेवन. तुमचं."

"कोनीच नाही," त्या म्हणाल्या. "मी कोनाले सांगितलंच नव्हतं बिमार हायेत म्हनून. सांगितलं असतं तं तुमच्यापर्यंत आलं असतं."

"मंग खात काय होत्या?"

मी काकूंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काकांचं सांगताना नाही, अकोल्याला नाही. आता त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी उठून जवळ गेले तर हातानं मला थांबवलं. भाऊजी पलीकडे थांबून राहिले. त्यांना कसली घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं काकूंनी पदर सोडला.

"बिस्किटं," त्या म्हणाल्या.

"कोनती?" भाऊजींनी विचारलं.